फोर्कलिफ्टचा नवा भाव आणि जुना भाव

अमेरिकेतील मिशिगन राज्यात बुकॅनन येथे क्लार्क कंपनी वाहनांचे ॲक्सल बनवीत असे. कारखान्यातला जड माल हलवण्यासाठी तिने 1917 मध्ये ‘ट्रक्ट्रॅक्टर’ ही फोर्कलिफ्टची पूर्वज गाडी स्वतःपुरती तयार केली. कारखाना पाहायला आलेल्यांनी तसलीच गाडी मागितली आणि जोडधंदा उभा राहिला. पुढे कुलुपांसाठी प्रसिद्ध असलेली येल आणि ओरेगॉनच्या लाकूडधंद्यातून वर आलेली हायस्टर याही स्पर्धेत उतरल्या. दुसऱ्या महायुद्धात लष्कराचा माल पॅलेटवर रचून हलवला जाऊ लागला, तेव्हा मागणी कैक पटींनी वाढली. विक्रोळीत गोदरेजने 1960च्या दशकात फोर्कलिफ्ट बनवायला घेतली, तीही क्लार्कच्या तांत्रिक सहकार्याने.

अमेरिकी कंपन्यांची ही मक्तेदारी किमतीवरून मोडली. टोयोटाची पहिली फोर्कलिफ्ट 1956 मध्ये निघाली. 1980च्या दशकात जपानी गाड्या अमेरिकेत इतक्या स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या, की हायस्टरने तक्रार केली आणि 1988 मध्ये त्यांच्यावर अँटी-डंपिंग शुल्क बसले. त्याचा उपयोग मर्यादितच झाला. टोयोटाने थेट इंडियाना राज्यातील कोलंबस येथे कारखाना काढला आणि 1990 पासून तिथेच उत्पादन सुरू केले. एव्हाना स्वस्ताईपेक्षा ‘बंद पडत नाही’ हा टोयोटाचा लौकिक मोठा झाला होता. उलट या धंद्याची मूळ पुरुष असलेली क्लार्क अडचणीत सापडत हात बदलत गेली आणि 2003 मध्ये कोरियातील टोप्या बनवणाऱ्या कंपनीकडे गेली!

जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र नावाला मान मिळतो तो सुटे भाग आणि जवळचा मेकॅनिक यांच्या जोरावर. जर्मन लिंडे कंपनीची हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चाके फिरवणारी गाडी चालवायला सुरेख. पण तिचा पंप दुरुस्त करणारा गावात नसेल, तर गिऱ्हाईक भाव पाडून मागते. जाणता खरेदीदार गाडी किती तास चालली ते दाखवणाऱ्या अवर मीटरवर विसंबत नाही. तो माल उचलणाऱ्या काट्याच्या कोपऱ्याची जाडी मोजतो. तिथे दहा टक्के झीज झाली, की काटा बाद धरतात. काटा ज्यावर वरखाली होतो त्या मास्टची साखळी ताणली आहे का, हेही तो पाहतो. विजेवरच्या गाडीत लेड-ॲसिड बॅटरी संपत आली असेल, तर ब्रँड कोणताही असो, नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा होतोच.