नकलेतल्या चुका आणि पटकीचा माग

गृहपाठ तपासताना आपल्याला एक अनुभव नेहमी येतो. दोन मुलांची उत्तरे बरोबर असली तर त्यावरून काहीच कळत नाही. पण दोघांनी एकाच पायरीवर अगदी सारखीच चूक केली असेल, तर एक वही दुसरीवरून उतरवली आहे, हे लगेच लक्षात येते. रोगाच्या साथीचा उगम शोधण्याची एक आधुनिक पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

१८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडली आणि पटकीचे मूळ ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाच्या पाण्यात आहे, असे दाखवले. पुढे १८८४ साली कोलकात्यात रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जीवाणू वेगळा काढला. तरी एक प्रश्न उरलाच. सूक्ष्मदर्शकाखाली पेरूचा जीवाणू आणि बंगालचा जीवाणू सारखेच दिसतात. मग तो आला कोठून, हे कसे ओळखायचे?

जीवाणू विभाजनाने वाढतो, तेव्हा त्याच्या डीएनएची नक्कल होते. क्वचित एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. पटकीच्या जीवाणूत अशी सुमारे ४० लाख अक्षरे असतात. ती सर्व प्रथम वाचून झाली २००० साली. ज्या दोन जीवाणूंत फरक कमी, त्यांचा सामाईक पूर्वज जवळचा.

या पद्धतीची कसोटी लागली ती हैतीमध्ये. जानेवारी २०१० च्या भूकंपाने हा देश उद्ध्वस्त झाला होता. ऑक्टोबरमध्ये तिथे पटकीची साथ सुरू झाली. त्याआधी सुमारे शंभर वर्षे तिथे या रोगाची नोंद नव्हती. पहिले रुग्ण आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यातले होते. तिच्या एका उपनदीकाठी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची छावणी होती आणि तिथे नेपाळहून नुकतीच तुकडी आली होती. नेपाळमध्ये त्या सुमारास पटकी होती. लोकांचा संशय छावणीच्या सांडपाण्यावर गेला. उलट, जीवाणू जवळच्या समुद्रातच असावा आणि हवामानामुळे वाढला असावा, असे काही शास्त्रज्ञांना वाटत होते. तसे असते तर दोष कोणाचाच नव्हता.

डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने हैतीच्या जीवाणूंचा जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. पेरूमध्ये १९९१ साली सापडलेल्या जीवाणूशी त्याचे साम्य कमी होते, बांगलादेशातल्या जीवाणूंशी जास्त. म्हणजे तो दक्षिण आशियातून आलेला होता. पण दक्षिण आशिया मोठा आहे. ऑगस्ट २०११ मध्ये दुसऱ्या गटाने नेपाळमधल्या २४ नमुन्यांची तुलना केली. त्यांपैकी तीन नमुने आणि हैतीचे तीन नमुने यांत फरक होता फक्त एका-दोन अक्षरांचा!

इथे एक काळजी घ्यायला हवी. जनुकसंच नाते सांगतो, प्रवासाची वाट सांगत नाही. ती फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रेनो पियारू यांच्यासारख्यांनी गावोगावच्या रुग्णांच्या तारखा जुळवून दाखवली. दोन्ही पुरावे एकत्र आले तेव्हाच निष्कर्ष भक्कम झाला. शिवाय दोष नेपाळी माणसांचा नव्हता, मैला नदीत जाऊ देणाऱ्या व्यवस्थेचा होता.

या साथीत आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे दहा हजार दगावले. डिसेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. २०१९ नंतर थांबलेली पटकी २०२२ मध्ये तिथे परत आली. तिचा जनुकसंच २०१० च्या जीवाणूशी जवळचा निघाला. उगम सापडला होता, पण शुद्ध पाणी सर्वांपर्यंत पोचले नव्हते.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. वीस-तीस निरर्थक अक्षरांची एक ओळ दोन रांगांतल्या मुलांना द्या. प्रत्येकाने फक्त मागच्याची चिठ्ठी पाहून घाईने उतरवायची. मग सगळ्या चिठ्ठ्या मिसळा आणि फक्त चुका पाहून कोणी कोणाची उतरवली, हे मुलांनाच शोधू द्या.