मिठाचा खडा आणि पिंपरीचे पेनिसिलिन

मिठाचे स्फटिक घरी करायला फार काही लागत नाही. शंभर मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळते. ते पाणी गाळून बशीत ओतावे आणि हलवू नये. काही दिवसांत तळाशी चौकोनी दाणे दिसू लागतात. तुरटीचे गरम पाणी निवताना स्फटिक पडतात; मिठासाठी मात्र पाणी आटण्याचीच वाट पाहावी लागते. आमच्या पिंपरी-चिंचवडला पावसाळ्यात ही वाट लांबते, कारण दमट हवेत मीठ स्वतःच पाझरते.

दाणे चौकोनीच का? १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ते दाखवले. मिठात सोडियम आणि क्लोरीन बुद्धिबळाच्या पटावरच्या घरांसारखे एकाआड एक बसलेले असतात. याच पद्धतीने डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये पेनिसिलिनची रचना उलगडली. त्यांनी तपासले ते पेनिसिलिनच्या क्षारांचे स्फटिक. क्षार म्हणजे रसायनशास्त्राचे मीठच!

हे दुसरे मीठ आमच्या पिंपरीत पिकले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये सरकारी 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' स्थापन झाली आणि १९५५ मध्ये येथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तेव्हा महाराष्ट्र राज्य झाले नव्हते. एमआयडीसी आली ती १९६२ मध्ये. चाकणच्या मोटारी तर कितीतरी पुढच्या.

बुरशीच्या आंबवलेल्या द्रावात औषधाबरोबर नको ते पुष्कळ असते. स्फटिक जमताना आपल्याच जातीचे कण जवळ करतो, बाकीचे बहुतेक पाण्यातच राहते. शिवाय पेनिसिलिन ओले असले की लवकर बिघडते, कोरडे टिकते. म्हणून इंजेक्शनच्या बाटलीत पांढरी पूड असते आणि पाणी आयत्या वेळी घालतात. परदेशी मालाची वाट पाहणाऱ्या देशाला अशी बाटली घरच्या कारखान्यातून मिळू लागली, ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे हा कारखाना तोट्यात गेला. आज या पट्ट्याची ओळख विचारली, तर लोक मोटारींची नावे सांगतात. माझ्या घरात 'नमक' म्हणत, शाळेत 'मीठ'. पण खाल्ल्या मिठाला जागावे, हे दोन्हीकडे सारखेच शिकवले गेले. टोचून घेतलेल्या मिठाला मात्र आपण फार लवकर विसरलो. मुलांनी बशीत स्फटिक वाढवले, तर पिंपरीची ही गोष्टही त्यांना सांगावी.