नाव आधी, पुरावा नंतर: खेळाडूंच्या दुखापती आणि मूळपेशींचा इतिहास

१/८
इ. स. १७४३. शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यांतील कूर्चेविषयी निबंध मांडला. निष्कर्ष कठोर होता: कूर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही.

२/८
त्वचा कापली की रक्त येते आणि रक्ताबरोबर दुरुस्तीची सामग्रीही येते. कूर्चेत मात्र रक्तवाहिन्याच नसतात. म्हणून खेळाडूच्या गुडघ्यातील ही जखम तशीच राहते.

३/८
१९५९ मध्ये ब्रिस्टलचे शल्यविशारद केनेथ प्रिडी यांनी यावर वाट सुचवली: खालच्या हाडाला छिद्रे पाडावीत आणि अस्थिमज्जेलाच जखमेपर्यंत आणावे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील रिचर्ड स्टेडमन यांनी याच तत्त्वावर ‘मायक्रोफ्रॅक्चर’ शस्त्रक्रिया रूढ केली. अनेक व्यावसायिक खेळाडू मैदानावर परतले. पण भरून आलेली कूर्चा तंतुमय असे, मूळच्या कूर्चेइतकी टिकाऊ नसे.

४/८
मज्जेत असे काय होते? १९६०-७० च्या दशकांत मॉस्कोमध्ये अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन यांनी मज्जेतील काही विरळ पेशी वेगळ्या केल्या. काचपात्राच्या तळाला चिकटून त्या वसाहती करीत आणि प्राण्यांच्या शरीरात रोपल्यास हाड घडवीत.

५/८
१९९१ मध्ये क्लीव्हलँडचे जीवशास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लन यांनी अशा पेशींना ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केले. नावातच आश्वासन होते: पेशी टोचा, नवी ऊती उगवेल.

६/८
२०१० मध्ये बेसबॉलपटू बार्तोलो कोलोन याच्या खांद्यात व कोपरात डोमिनिकन प्रजासत्ताकात त्याच्याच मज्जेतील व चरबीतील पेशी टोचण्यात आल्या. २०११ मध्ये तो न्यूयॉर्क यांकीजकडून खेळला आणि जगभर बातमी झाली. पण एका खेळाडूच्या पुनरागमनाने उपचार सिद्ध होत नाही. विश्रांती, व्यायाम, काळ यांचा वाटा त्यात किती, हे उपचार न घेतलेल्यांशी तुलना केल्यावाचून कळत नाही. २०१२ मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत दोषी ठरून त्याच्यावर ५० सामन्यांची बंदी आली, तेव्हा हे कोडे आणखी गुंतले.

७/८
२०१७ मध्ये खुद्द कॅप्लन यांनीच लेख लिहून हे नाव बदलण्याची मागणी केली. या पेशी शरीरात गेल्यावर स्वतः नवी ऊती बनत नाहीत. त्या रासायनिक संकेत सोडतात आणि दुरुस्तीचे काम रुग्णाच्या स्थानिक पेशी करतात, असे त्यांचे म्हणणे होते. जुन्या नावामुळे रुग्णांची दिशाभूल होते, हा त्यांचा आक्षेप होता.

८/८
तोवर त्या नावावर जगभर दवाखाने उभे राहिले होते. हंटर यांचा १७४३ चा निष्कर्ष अजूनही पूर्णपणे खोडला गेलेला नाही. आणि नाव देणाऱ्याने ते मागे घेतले, तरी जाहिरातींतून ते गेलेले नाही.