भयानक मौत

मुंबईत २००३ साली स्थापन झालेला, मेटल या उग्र संगीतप्रकारातील रॉक बँड. याच शहरात १९८४ साली निघालेल्या ‘रॉक मशीन’ने १९९३ मध्ये नाव पालटले तेव्हाही ‘इंडस क्रीड’ हे इंग्रजीच नाव पत्करले. त्या पार्श्वभूमीवर, मुख्यत्वे इंग्रजीत गाणाऱ्या या बँडचे देशी नाव उठून दिसते.

नावातील दोन पदे भिन्न कुळांतली आहेत. ‘भयानक’ हे तत्सम पद. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ रसांपैकी एकाची ती संज्ञा असून, त्या रसाचा स्थायीभाव भय, वर्ण कृष्ण आणि देवता काल सांगितली आहे, आणि ही संगती या संगीताला विलक्षण शोभते. ‘मौत’ हा अरबी शब्द फारसीच्या द्वारे हिंदुस्थानीत रुळला. ‘मृत्यू’शी त्याचा धातुसंबंध नाही. त्याच अरबी धातूपासून आलेला ‘मयत’ मात्र मराठीच्या अगदी घरातला: महसुली दप्तरात ‘मयत खातेदारा’च्या वारसांची नोंद होते, आणि लालबाग, परळ, कॉटन ग्रीनच्या वस्तीत माणसे शेजाऱ्याच्या ‘मयतीला’ जातात.

उच्चारात दोन्ही पदांचा अंत्य अकार लुप्त होतो. मराठी मुखात ‘मौत’मधील ‘औ’ हा ‘अउ’ असा संयुक्त स्वर होतो, तर हिंदीत तो ‘कॉटन’मधील ‘ऑ’च्या जवळचा, पण दीर्घ असतो, नावाचे वळण हिंदुस्थानी असल्याने दुसरा उच्चार अधिक ग्राह्य मानावा. चाहत्यांत ‘बीएम’ हे संक्षिप्त रूप रूढ आहे. २००९ च्या अल्बमला बँडने स्वतःचेच नाव दिले. त्यापुढील ‘मॅन’ हा अल्बम २०१४ चा.