गुलाबी मशीन तळघरात कसं गेलं?

(एपिसोडचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'अं... अं...' काढलेत.)

परवा रात्री झोप येईना म्हणून मोबाइल उघडला आणि एका व्हिडिओत अडकलो. अमेरिकेतलं कुणाचं तरी तळघर. त्यात १९५०च्या दशकातलं फिकट गुलाबी वॉशिंग मशीन, शेजारी तसाच गुलाबी ड्रायर. झाकण उघडं, पाणी घुसळतंय, टॉवेल वरखाली होतायत. बोलणारं कुणी नाही. मी धुण्याचा अख्खा राउंड बघितला, अगदी शेवटचं पिळणं होईपर्यंत. आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागला. हे मशीन आजही चालतंय, मग लोकांनी अशी मशीन टाकून का दिली?

आधी थोडं मागे जाऊ. विजेची मशीन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती, पण त्यांत कपडे फक्त घुसळले जायचे. पिळायला वर दोन रबरी रूळ असायचे, त्यांच्यामधून एकेक कपडा सरकवायचा. त्यात बोटं, कधी अख्खा हात अडकायचा. इतक्यांदा, की डॉक्टरांच्या भाषेत त्या दुखापतीला वेगळं नाव पडलं. १९३७ मध्ये बेंडिक्स कंपनीने घरगुती ऑटोमॅटिक मशीन दाखवलं. धुणं, खळबळणं, पिळणं सगळं आपलं आपण. फक्त एक गोष्ट होती, ते बोल्टने जमिनीला आवळून बसवावं लागायचं, नाहीतर पिळताना चालायला लागायचं! मग महायुद्ध आलं, कारखाने लष्करी सामान बनवायला लागले, आणि वरून झाकण असलेली ऑटोमॅटिक मशीन खऱ्या अर्थाने घरोघरी जायला लागली ती १९४७ नंतर.

इथे माझ्यातला इंजिनिअर जरा आडवा येणार, सांभाळून घ्या. या मशीनमध्ये चिप नाही. आत एक टायमर आहे, म्हणजे घड्याळासारखी छोटी मोटर. ती एक दांडा हळूहळू फिरवते, दांड्यावर खाचा असलेल्या चकत्या, आणि खाच आली की एक स्विच चालू, उंचवटा आला की बंद. पाणी घे, घुसळ, पाणी सोड, पीळ. सगळा प्रोग्राम त्या चकत्यांच्या आकारात कोरलेला. अपडेट नाही, ॲप नाही. बिघडलं तर पाना घेऊन बसायचं. मी दिवसभर ज्या प्रकारचा कोड लिहितो, तो पाच वर्षांनी चालेल याची मी हमी देणार नाही.

आता ड्रायर. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. नॉर्थ डकोटाच्या मरणाच्या थंडीत ओले कपडे बाहेर टाकायचा कंटाळा आला म्हणून जे. रॉस मूर नावाच्या माणसाने गरम हवेचा फिरता ड्रम बनवला. विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन कंपनीने तो १९३०च्या दशकाच्या शेवटी बाजारात आणला. ही कंपनी मुळात छपाईची लाकडी अक्षरं बनवणारी, बरं का. दिसायला कसं यासाठी त्यांनी ब्रुक्स स्टीव्हन्स नावाच्या डिझायनरला विचारलं. समोर नुसता पांढरा पत्र्याचा खोका. स्टीव्हन्सचं म्हणणं असं की हे तर कपाट वाटतंय, कोण घेणार? दाराला काच लावा आणि दुकानात आत भडक रंगाच्या चड्ड्या फिरत ठेवा. खरंच! ड्रायरच्या दाराला काच आली, त्यामागे ही दुकानदारी आहे.

हे नाव लक्षात ठेवा, कारण १९५४ मध्ये हाच स्टीव्हन्स एक भाषण देतो आणि त्याचा विषय असतो 'प्लॅन्ड ऑब्सोलेसन्स'. मशीन लवकर मोडेल असं बनवा, असं तो म्हणत नव्हता. गरज पडायच्या जरा आधीच गिऱ्हाइकाला नवीन हवंसं वाटलं पाहिजे, असं म्हणत होता. म्हणजे वस्तू टिकूदे, मन टिकायला नको.

आणि मन उडवायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे रंग. तेव्हा फ्रिजिडेअर ही कंपनी जनरल मोटर्सच्या मालकीची होती, १९७९ पर्यंत. दरवर्षी गाडीचं रूप बदलून विकण्यात ज्यांचा हातखंडा, तेच लोक आता मशीन विकत होते. त्यातून मशीन तळघरातून वर, स्वयंपाकघराशेजारी आलेलं, म्हणजे पाहुण्यांना दिसणार. पन्नाशीत गुलाबी, फिरोजी, पिवळा. साठीत तांबूस तपकिरी, मग अ‍ॅव्होकाडोचा हिरवा आणि पिकल्या गव्हासारखा सोनेरी. हा रंग म्हणजे बऱ्याचदा पत्र्यावर भट्टीत भाजलेलं काचेचं एनॅमल, आपल्या जुन्या मगांवर असतं तसं. तो उडत नाही. फक्त फॅशनमधून जातो. (माझा फोन अजून मस्त चालतोय आणि मी नव्या मॉडेलचा केशरी रंग बघतोय. गप्प बसतो.)

बरं, या खोल्या कुणाच्या होत्या? न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून लेव्हिटटाउन नावाची वसाहत उभी राहिली. हजारो एकसारखी घरं आणि घरात बेंडिक्सचं मशीन आधीच बसवलेलं. शनिवार-रविवारी बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत, असा नियम. आणि सुरुवातीच्या करारात आणखी एक कलम होतं, गोऱ्या लोकांशिवाय इथे कुणी राहायचं नाही. अपवाद एकच, घरकामाला ठेवलेली माणसं. म्हणजे काळी बाई त्या घरात कपडे धुवायला येऊ शकत होती, स्वतःच्या मशीनवर स्वतःचे कपडे धुवायला नाही. हे कळल्यावर मी तो व्हिडिओ परत लावला, पण पहिल्यासारखी मजा आली नाही.

आणि त्या गोऱ्या बाईचं तरी काम कमी झालं का? इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांचं १९८३ चं 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक या प्रश्नावर आहे. आधी बऱ्याच घरांतलं धुणं लाँड्रीत जायचं किंवा धुणारी बाई यायची. मशीन आलं आणि सगळं एकट्या गृहिणीवर आलं. वर स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या, कालचा शर्ट आज घालणं म्हणजे गबाळेपणा. आमच्याकडे पहिलं सेमी-ऑटोमॅटिक आलं तेव्हा आई म्हणाली होती, "आता सगळे रोज दोन-दोन जोड टाकतात." तिने पुस्तक वाचलेलं नाही.

तर मूळ प्रश्न, टाकून का दिली? रंग जुना झाला म्हणून. आणि काही वाचली कशी, याबद्दल माझा एक अंदाज आहे. वर हिरवं मशीन आलं, पण चालू मशीन भंगारात द्यायला जीव होईना, म्हणून गुलाबी जोडी खाली तळघरात गेली. तिथे अंधारात, कमी वापरात, कुणाला न दिसता पडून राहिली. नातवाने घर रिकामं करताना प्लग लावला, आणि टायमरची मोटर टिकटिक करायला लागली.