मुलाला सारखा ‘न्यूमोनिया’ होतोय? कारण श्वासपटलातलं भोकही असू शकतं

पावसाळ्यात अंधेरीतल्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेर खोकणाऱ्या मुलांची गर्दी असते. बहुतेकांना साधा संसर्ग असतो. पण एखाद्या मुलाला छातीच्या एकाच बाजूला वारंवार ‘न्यूमोनिया’ होत असेल, सोबत उलट्या किंवा पोटदुखी असेल, वजन वाढत नसेल, तर एक दुर्मीळ कारणही तपासायला हवं: जन्मजात डायफ्रामॅटिक हर्निया.

हा आजार नेमका काय आहे?

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल, म्हणजे डायफ्राम नावाचा स्नायूचा पडदा असतो. गर्भात तो नीट जुळला नाही, तर भोक राहतं आणि त्यातून आतडी, जठर किंवा प्लीहा छातीत सरकते. साधारण अडीच ते तीन हजार बाळांमागे एकात हा दोष आढळतो आणि दहापैकी सुमारे आठ वेळा तो डाव्या बाजूला असतो.

तो उशिरा का कळतो?

बहुतेक बाळांना जन्मल्याबरोबर श्वासाचा गंभीर त्रास होतो, त्यामुळे निदान लगेच होतं. काहींमध्ये मात्र भोक लहान असतं किंवा एखाद्या अवयवाने झाकलं गेलेलं असतं. म्हणून गरोदरपणातली सोनोग्राफी आणि मुलाचा आधीचा एक्स-रे, दोन्ही नॉर्मल असू शकतात.

चुकीच्या निदानाचा धोका काय?

छातीत सरकलेलं, हवेने फुगलेलं जठर एक्स-रेमध्ये फुप्फुसाबाहेर साचलेल्या हवेसारखं दिसू शकतं. ती हवा काढायला छातीत नळी घातली, तर जठराला किंवा आतड्याला इजा होऊ शकते. निदान लांबलं आणि आतड्याला पीळ बसला, तर त्याचा रक्तपुरवठा थांबून जीवावर बेतू शकतं.

निदान आणि उपचार

शंका असल्यास नाकातून जठरात नळी घालून एक्स-रे काढतात. नळीचं टोक छातीत दिसलं, तर उलगडा होतो. गरजेनुसार सीटी स्कॅनही करतात. उपचार एकच: शस्त्रक्रिया करून अवयव पोटात परत नेणं आणि भोक बंद करणं. उशिरा निदान होणाऱ्या मुलांची फुप्फुसं सहसा चांगली वाढलेली असतात, त्यामुळे वेळेत शस्त्रक्रिया झाली तर बहुतेक मुलं बरी होतात.

पालकांनी काय करावं?

जुने सगळे एक्स-रे जपून ठेवा आणि डॉक्टरांना एकत्र दाखवा. ‘हर्निया असू शकतो का?’ असं थेट विचारा. गरज पडल्यास बालशल्यचिकित्सकाचा सल्ला घ्या. परळच्या वाडिया बाल रुग्णालयात ही सोय आहे. मुलाला अचानक धाप लागली, ओठ निळे पडले किंवा हिरव्या उलट्या झाल्या, तर थांबू नका, थेट जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा.