विनयपिटकातील ज्येष्ठवंदन

शिष्टाचार म्हटला की आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांच्या मनात एक जुनी सल जागी होते. गावगाड्यात आपल्या पूर्वजांना वाकून जोहार घालावा लागे. तेथे वय, ज्ञान, गुण यांचा विचार नसे. कोणी कोणापुढे वाकायचे हे जन्मानेच ठरलेले असे. म्हणूनच काही तरुण विचारतात, ही जुनी रीतभात टाकूनच का देऊ नये? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आपण विनयपिटकाकडे वळले पाहिजे.

चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात एक प्रसंग आहे. तथागत वैशालीहून श्रावस्तीकडे जात असता काही भिक्खूंचे शिष्य पुढे धावले आणि त्यांनी आपल्या गुरूंसाठी व स्वतःसाठी निवासाच्या जागा अडवून ठेवल्या. मागाहून आलेल्या सारिपुत्तांना जागा उरली नाही. त्यांनी ती रात्र झाडाखाली काढली. पहाटे तथागत खोकले, तेव्हा झाडाखालून सारिपुत्तही खोकले आणि घडला प्रकार उघडकीस आला. तथागतांनी भिक्खूंना विचारले, पहिले आसन, पहिले पाणी, पहिली भिक्षा यांचा मान कोणाचा? कोणी क्षत्रिय कुळातील भिक्खूचे नाव घेतले, कोणी ब्राह्मण कुळातील, तर कोणी सुत्तांच्या जाणकाराचे. यांपैकी एकही उत्तर त्यांनी स्वीकारले नाही. तित्तिर, वानर व हत्ती या तीन मित्रांनी आपल्यातील सर्वांत वडील कोण ते शोधून त्याचा मान कसा राखला, ती कथा सांगून त्यांनी ज्येष्ठतेचा नियम घालून दिला. संघातील ही ज्येष्ठता उपसंपदेपासून मोजली जात असे.

या नियमाचा अर्थ उपालीच्या प्रव्रज्येत स्पष्ट होतो. मल्लांच्या अनुपिय नगरात शाक्यकुमारांनी स्वतःच विनंती केली, की आमच्या या न्हाव्याला आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल व आमचा कुलाभिमान उतरेल. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात उपालीच्या या दीक्षेला स्थान दिले, ते योग्यच होय.

या नियमाची मर्यादाही सांगितली पाहिजे. भिक्खुणीसंघाला तो समतेने लागू झाला नाही. अष्टगरुधम्मांनुसार शंभर वर्षांच्या भिक्खुणीनेही नवदीक्षित भिक्खूला वंदन करावयाचे होते. जन्माच्या बाबतीत जो न्याय झाला, तो येथे अपुरा राहिला.

तरीही आमचे मत असे, की दोष वाकण्यात नसून कोणापुढे व कशासाठी वाकावयाचे, यात असतो. जोहार लादलेला होता, तर उपालीपुढे शाक्यकुमार स्वेच्छेने वाकले. आज आपल्या विहारात एखादे वृद्ध उपासक दाराशी उभे असताना पहिल्या रांगेतील शिकलेला, अधिकारपदावरील बांधव उठून त्यांना जागा देतो का, एवढे प्रत्येकाने स्वतःशी तपासून पाहावे.